झिंगे आधी गेले

पहिला झिंगा मेला तेव्हा मी त्याच्या वयाला दोष दिला. दुसरा मेला तेव्हा नशिबाला. तिसरा, चौथा आणि पाचवा एकाच सोमवारी मेले तेव्हा मात्र मी चष्मा पुसला, एक कोरी डायरी काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: चौकशी सुरू.

हे काम मला जमतं. भिलाईच्या कारखान्यात सेफ्टी विभागात मी बत्तीस वर्षं क्लार्क होतो. कुठे काही झालं की चौकशी, चौकशी झाली की अहवाल, आणि अहवाल टाइप करायला अरुणकुमार वैरागडे. साहेब लोक येत-जात राहिले, पण आमच्या टेबलावरचा एक नियम कधी बदलला नाही. मूळ कारण सापडल्याशिवाय फाइल बंद करायची नाही. ‘आपोआप’ हा शब्द मी बत्तीस वर्षांत एकदाही टाइप केलेला नाही. शिडी आपोआप घसरत नाही आणि झिंगा आपोआप उताणा पडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माशांची टाकी मुलीनं पाठवली होती. अपेक्षा हैदराबादला नोकरी करते. मागच्या वर्षी माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आठ दिवस राहून गेली आणि जाताना म्हणाली, “पप्पा, आप बस बैठ के देखते रहना. टेन्शन कमी होईल.” मला वाटलं, चार दिवसांत कंटाळा येईल. उलट झालं. तीन फुटांची टाकी, तळाला काळी माती, मातीत लावलेली खरीखुरी झाडं, एका कोपऱ्यात फिल्टर आणि झाडांना गॅसचे बुडबुडे सोडणारी एक छोटी बाटली. मासे आले तशी मी त्यांना नावं देत गेलो. चांदीच्या रंगाचा मोठा एंजल म्हणजे ‘मोठे साहेब’, त्याची जोडीदारीण ‘मॅडम’. निळे-लाल टेट्रा नेहमी घोळक्यानं फिरायचे, म्हणून ‘जनरल शिफ्ट’. तळ उकरणारे तिघं ‘हाउसकीपिंग’. लाल झिंग्यांना मात्र वेगळी नावं दिली नाहीत. ते दिवसभर मान खाली घालून काम करायचे आणि कधी तक्रार करायचे नाहीत.

आता माझी परिस्थिती सांगतो, म्हणजे ती टाकी माझी कोण लागत होती ते कळेल.

आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि दाराबाहेर जाळीचं दार. त्या जाळीला कुलूप, आणि कुलपाची चावी माझ्या बायकोच्या, वसुंधराच्या कमरेला. डॉक्टरांनी तीन महिने जिना चढायला मना केलं होतं. चौथ्या महिन्यात ते म्हणाले, “आता रोज अर्धा तास फिरा.” वसुंधरानं शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी आल्यावर पुन्हा कुलूप लावलं. म्हणाली, “डॉक्टरचं काय जाते? त्याले थोडंच तुमाले बाथरूममधून उचला लागते.” पहिल्यांदा कुलूप लागलं त्याला आता अकरा महिने झाले.

तिचंही चुकतं असं म्हणता येत नाही. मला अटॅक आला त्या दिवशी ती बहिणीकडे राजनांदगावला हळदीला गेली होती. मी पाऊण तास बाथरूमच्या फरशीवर पडून होतो. शेजाऱ्यांनी दार तोडलं. तेव्हापासून मला ती कुठे जाऊ देत नाही आणि स्वतःही जात नाही. भाजी गॅलरीतून दोरीला टोपली बांधून वर येते. पूर्वी ती दर सोमवारी शिवनाथ नदीच्या घाटावर जायची. आता तिला जाऊन वर्ष होईल.

मी गॅलरीत उभा राहिलो की मागून आवाज येतो, “हवा लागन.” बसलो की, “पाठ दुखन.” झोपलो की ती काहीच विचारत नाही, नाकापुढे बोट धरून बघते. मी डोळे मिटूनच सांगतो, चालू आहे. बायकोचं प्रेम असावं, पण त्याला थोडी खिडकी असावी. मी गुदमरलो होतो. घरात कुठल्या वेळी काय खायचं, कोणता बनियन घालायचा, टीव्हीवर कोणती बातमी बघायची नाही, सगळं ती ठरवायची. फक्त त्या तीन फुटांत माझा हुकूम चालायचा. पाणी किती, उजेड किती, कोणतं झाड कुठे, हे मी ठरवायचो. तेवढी एक जागा माझी होती आणि तीच आता मरायला लागली होती.

म्हणून चौकशी.

पहिला संशय पाण्यावर. नळाला औषध जास्त टाकत असतील, म्हणून मी पाणी दोन-दोन दिवस ड्रममध्ये उघडं ठेवून मग टाकीत घालू लागलो. टाकीतल्या गोगलगायी मेल्या. दुसरा संशय गॅसच्या बाटलीवर. आठवडाभर ती बंद ठेवली. झाडांनी माना टाकल्या आणि जनरल शिफ्टमधले दोघं गेले. तिसरा संशय धुरावर. डास मारायच्या धुराची गाडी येते तेव्हा खिडक्या लावायला लागलो आणि देवापुढची उदबत्ती बंद करायला सांगितली. त्यावर वसुंधरा मान न वळवता म्हणाली, “देवाले काय सांगू? मासे खोकलून राहिले म्हणून?” उदबत्ती गॅलरीत गेली. मासे मरतच राहिले.

मग मी स्वतःवर संशय घेतला. छातीवरच्या व्रणाला लावायचं मलम हाताला राहत असेल, म्हणून टाकीत हात घालण्याआधी मी कोपरापर्यंत हात धुऊ लागलो. पाणी तपासायच्या सगळ्या बाटल्या मागवल्या. थेंब टाकायचे, हलवायचं, कार्डाशी रंग ताडून बघायचा. सगळं बरोबर यायचं. रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट उताणा.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. मासा मेला की वसुंधरा त्याला बदामाच्या पानावर घ्यायची, गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरायची, हात जोडायची आणि म्हणायची, “गेलं म्हणा.” आणि त्या दिवशी घरात शिरा व्हायचा. बिनसाखरेच्या साखरेचा का होईना, पण शिरा. मला वाटायचं, बायको माझं दुःख हलकं करते आहे. बत्तीस वर्षं चौकशा लिहिलेल्या माणसाला मासा आणि शिरा यांचा संबंध जोडता आला नाही, याची मला आजही लाज वाटते.

डायरीत मात्र एक गोष्ट दिसायला लागली. सोमवार. सोमवार. मंगळवार. सोमवार. मासे आठवड्याच्या सुरुवातीलाच मरत होते. मी शनिवारी पाणी बदलत असे. ते बुधवारी बदलायला लागलो. तरी पुढच्या सोमवारी मोठे साहेब गेले.

ते कसे गेले ते मला बघवलं नाही. सकाळपासून एका कोपऱ्यात कलंडून उभे होते. मॅडम त्यांच्या बाजूला येऊन थांबायच्या, थोडं पुढे जायच्या, परत यायच्या. दुपारी ते तळाला टेकले. मी स्टुलावर बसून रडलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कागदांवर सह्या करताना रडलो नव्हतो, त्या दिवशी रडलो. आणि संध्याकाळी वसुंधरानं शिऱ्यात केशर घातलं. मी वाटी सरकवून दिली. “कोणाच्या लग्नाचं आहे हे?” मी ओरडलो. ती वाटी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तेजरामला बोलावलं. तेजराम पूर्वी आमच्या कँटीनला होता, आता खुर्सीपारला त्याचं माशांचं दुकान आहे. पन्नाशीचा, भंडाऱ्याकडचा, बोलताना ‘जी’ लावणारा माणूस. वसुंधरानं त्याच्याकडून हातपाय धुऊन घेतले आणि मग जाळी उघडली. तो टाकीपुढे उकिडवा बसला.

“साहेब, पहिले कोण गेलं?”

“झिंगे.”

“अन् मंग?”

“गोगलगायी. मग टेट्रा. आता साहेब.”

“तं तुमी एवढ्या दिवसाचं तपासून काय राहिले जी?” तो म्हणाला. “झिंगे पहिले गेले म्हंजे तांबं. पाण्यात तांबं उतरलं का झिंग्याले अन् गोगलगाईले पहिले लागते. मासा जरा दम धरते. तुमी माशाचं औषध तं नाही टाकलं?”

“नाही.”

“नळ तांब्याचा?”

“प्लास्टिकचा.”

“तं पाहा मंग,” तो उठत म्हणाला. “कुठून तरी येऊन राहिलं. आपोआप नाही येत.”

तांबं तपासायची बाटली मागवली. चार दिवसांनी आली. पाण्यात थेंब टाकले, हलवलं, आणि रंग चढत चढत कार्डावरच्या शेवटच्या खान्यावर जाऊन बसला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. विष सापडलं होतं. आता हात सापडायचा होता.

वसुंधरा अंघोळीला गेली तेव्हा मी बाही वर करून टाकीत हात घातला. मातीत बोटं फिरवत गेलो. मोठ्या पानांच्या झाडाच्या मुळाशी काहीतरी टोचलं. काढून बघितलं: नखाएवढा तांब्याचा तुकडा, कडा कापलेल्या, अंगावर हिरवट चढलेलं. बाजूला आणखी एक. मागच्या बाजूला आणखी. प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक-दोन तुकडे नीट दाबलेले. एक तुकडा मी शर्टाच्या खिशात टाकला, बाकीचे होते तिथेच ठेवले. चौकशी पूर्ण होईपर्यंत जागेवरचं काही हलवायचं नसतं.

घरात माणसं दोन. त्यातला एक मी.

रविवार आला. रविवारी वसुंधरा मला तेल लावून डोक्यावरून न्हायला पाठवते. “निवांत न्हा, घाई करू नका,” असंही म्हणते. मी बाथरूममध्ये गेलो, बादलीत नळ सोडला आणि दार बोटभर उघडं ठेवलं.

ती आली. हातात तुकडा होता. खुर्चीवर माझा धुतलेला बनियन घडी करून ठेवला होता. त्या बनियनवरून तिनं तुकडा सात वेळा उतरवला, ओठ हलत होते. मग टाकीचं झाकण उचललं, हात आत घातला आणि तुकडा झाडाच्या मुळाशी अंगठ्यानं दाबला. तिच्या माहेरी धानाची शेती. रोवणी करताना बायका रोप दाबतात तसं तिनं ते दाबलं, एका झटक्यात, न बघता. मग पदरानं काच पुसली आणि माशांकडे बघून हात जोडले.

मी तसाच बाहेर आलो, कमरेला टॉवेल, डोक्याला तेल. खिशातला तुकडा आधीच तळहातावर काढून ठेवला होता.

“हे काय आहे?”

ती दचकली नाही. “ताम्हणाचा तुकडा,” म्हणाली. “आईनं लग्नात देल्लं होतं थे. तुमच्या अवजाराच्या डब्यातल्या कातरीनं कापते.”

तिच्या आईचं ताम्हण. रोज देवाला त्यात अंघोळ घालायची ती. गेले कित्येक महिने देव स्टीलच्या ताटलीत अंघोळ करत होते आणि तेही मला दिसलं नव्हतं.

“कावून? कशासाठी?” मी विचारलं.

मग तिनं सांगितलं, अगदी दूधवाल्याचा निरोप सांगावा तसं. दुर्गच्या गुरुजींना तिनं माझी पत्रिका फोनवर वाचून दाखवली होती. त्यांनी सांगितलं, वर्ष जड आहे. दर रविवारी तांब्याचा तुकडा माणसावरून उतरवून वाहत्या पाण्यात सोडा. “शिवनाथवर जाऊ तं तुमच्यापाशी कोण राहीन?” ती म्हणाली. “मंग पाहिलं, हे पाणी रात्रंदिवस वाहूनच राहिलं. अन् यात जीवही आहेत. म्हटलं, इथंच सोडू.”

“यानं मासे मरतात हे तुले मालूम होतं?”

“पहिले नव्हतं. मंग झालं.”

“मंग थांबली कावून नाही?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मठ्ठ. “ज्या सोमवारी तीन झिंगे एकदम गेले, त्याच दिवशी तुमचा ईसीजी चांगला आला. थांबू कावून?”

मी तिला समजावलं. ओल्या अंगानं, टॉवेलमध्ये, अर्धा तास समजावलं. तांबं पाण्यात विरघळतं, गॅसमुळे पाणी आंबट होतं, आंबट पाण्यात आणखी विरघळतं, झिंग्यांच्या अंगात जातं, माशांच्या कल्ल्यात जातं. हे विष आहे. कोणावरचं काही कोणावर जात नाही. मोठे साहेब तांब्यानं मेले, माझ्या मरणानं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्येच टॉवेलचं टोक घेऊन माझी पाठ पुसली.

“असन,” ती म्हणाली. “मेले ना ते? अन् तुम्ही आहात ना?”

बत्तीस वर्षांत माझ्या कुठल्याही चौकशीत कोणी असं उत्तर दिलं नव्हतं. दोन्ही वाक्यं खरी होती. त्या दोन वाक्यांच्या मधल्या ‘म्हणून’ला खोडायचं होतं, आणि ती तर तो शब्द बोललीच नव्हती. मला तिच्यावर भयंकर राग आला आणि त्याच वेळी तिच्या हाताला ताम्हणाच्या कडेनं पडलेला चरा दिसला. आता या माणसावर रागवायचं तरी कसं? मी कपडे घालून स्टुलावर जाऊन बसलो.

पण फाइल बंद करायची होती. शिफारस मी त्याच दुपारी लिहिली: उरलेले जीव तात्काळ हलवावेत. तेजराम आला आणि मॅडम, जनरल शिफ्टमधले सहा आणि हाउसकीपिंगचे तिघं प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा भरून घेऊन गेला. मॅडम पिशवीत वळू शकत नव्हत्या, तोंड माझ्याकडेच होतं. वसुंधरा दाराशी उभी राहून बघत होती.

“एकही नाही ठेवून राहिले?” तिनं विचारलं.

“एकही नाही.”

ती आत निघून गेली. मी सगळे तुकडे शोधून काढले, पाणी पूर्ण बदललं. दोन दिवसांत झाडं वर आली, नवी पानं फुटली. टाकी सुट्टीच्या दिवशीच्या ऑफिससारखी दिसत होती, सगळं जागच्या जागी आणि कोणी नाही. वाईट वाटत होतं, तरी मी जिंकलो होतो. मासे वाचले होते. या घरात पुष्कळ दिवसांनी माझं काहीतरी चाललं होतं.

पुढच्या रविवारी मी बाथरूमचं दार सताड उघडं ठेवलं आणि सरळ तिच्याकडे बघत उभा राहिलो. तिनं बनियनवरून तुकडा उतरवला. टाकीकडे गेली नाही. आत गेली. चला, सुटलो, असं मला वाटलं.

सोमवारी दुपारी ती पोळ्या लाटत होती. बाही वर सरकली आणि दंडाला बांधलेला काळा दोरा दिसला. दोऱ्यात तुकडा.

“हे काय?”

“काही नाही.”

“वसुंधरा.”

तिनं पोळी तव्यावर टाकली. “मासे नाहीत तं कोणावर तरी गेलं पायजे ना. मी आहे.”

मी हसलो. हो, हसलो मी. अपेक्षाला फोन करून सांगितलं, तीही हसली. म्हणाली, “मम्मी पण ना. करू दे, पप्पा. तिचं समाधान.”

मंगळवारी सकाळी वसुंधराला ताप आला.

आता याचं मूळ कारण मला ठाऊक आहे. त्या आठवड्यात आमच्या वसाहतीतला अर्धा सेक्टर तापानं पडला होता. दूधवाला जिन्यात खोकत होता, खालच्या मजल्यावरच्या दोघी झोपून होत्या, आणि उदबत्ती लावायला ही बाई रोज पहाटे गॅलरीत उभी राहत होती. व्हायरल. मी थर्मामीटर लावला: एकशे दोन. गोळी आणि पाणी घेऊन गेलो. तिनं तोंड मिटून घेतलं.

“घे.”

“नाही.”

“अवं, एकशे दोन आहे!”

“असू द्या. हा तुमचा आहे. माझ्यापाशी आला. गोळी खाल्ली तं वापस तुमच्यावर जाईन.”

आणि ती हसली. तापानं चेहरा लाल झालेला, डोळ्यांत पाणी, पण अकरा महिन्यांत तिला मी इतकं मोकळं बघितलं नव्हतं. मला भीती वाटली. ऑपरेशनच्या टेबलावर नव्हती वाटली इतकी.

मी काय काय केलं त्याची यादी देत नाही. ओरडलो, हात जोडले, दुधात गोळी विरघळवली, ती तिनं एका घोटात ओळखली आणि पेला ठेवून दिला. अपेक्षाला फोनवर घेतलं. ती रडत म्हणाली, “मम्मी प्लीज, पागल मत बनो, घे ना.” वसुंधरानं कूस बदलली. डॉक्टरांना फोनवर बोलायला लावलं. तिनं “हो डॉक्टरसाहेब, घेते” असं गोड सांगितलं आणि फोन मला परत दिला. ओल्या फडक्यानं कपाळ पुसायला मात्र तिची हरकत नव्हती. फडक्याचं गुरुजींनी काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं उशीखालून हात काढला आणि माझ्या हातात काहीतरी ठेवलं. जाळीची चावी.

“घ्या,” म्हणाली. “आता तुमाले काही होत नाही. या फिरून.”

अकरा महिने मी त्या चावीसाठी झुरलो होतो. जाळी उघडली. जिन्यात कोणी नव्हतं. खालून पोरांच्या सायकलींचा आवाज येत होता, कोणाकडे तरी फोडणी पडली होती. सहा पायऱ्या उतरलो आणि तिथेच थांबलो. खाली जायला कोणी अडवत नव्हतं, आणि माझा पाय पुढे पडेना. आत ती एकटी होती. मी पाऊण तास फरशीवर पडलो होतो तेव्हा ती राजनांदगावला हळद लावून घेत होती, हे तिनं अकरा महिने कसं गिळलं असेल ते मला त्या सहाव्या पायरीवर पहिल्यांदा कळलं. वर आलो आणि जाळीला आतून कुलूप लावलं.

बुधवारी ताप एकशे तीनच्या वर गेला. ओठ सुकले होते. शब्द अडखळत होते. माझी चौकशी, माझं रसायन, माझा अहवाल, सगळं त्या पलंगापाशी कुचकामी होतं. मी तिच्या उशाशी बसलो आणि विचारलं, “टाकीत मासे असते तं घेतली असती गोळी?”

तिनं डोळे उघडले. “तं कावून नसती घेतली? मंग त्यायनं घेतलं असतं ना.”

मी उठलो. बाहेरच्या खोलीत येऊन तेजरामला फोन लावला.

“तेजराम, मासे आण. आजच.”

“आणतो जी! मॅडम बी आणतो, मजेत आहे, खाऊन राहिली मस्त. तुमची आठवण काढत असन...”

“मॅडमला नको आणू.” मी त्याला मध्येच तोडलं. “ती तुझ्याकडेच राहू दे. दुसरे आण.”

“कोणते देऊ? चांगले टिकाऊ आले आहेत साहेब, दोन-दोन वर्षं पाहा लागत नाही.”

मी टाकीकडे बघितलं. पाणी स्वच्छ होतं. नवी पानं उजेडात हलत होती.

“टिकाऊ नको,” मी म्हणालो. “जे घेऊन गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येते ना तुझ्याकडे, ते आण.”

“थे कावून जी? थे तं आठवडाही नाही काढत.”

“तेच दे.”

तो मग म्हणाला, “बरं जी.”

फोन ठेवला तर आतून वसुंधराचा आवाज आला. “किती वाजता येतो म्हणते तो?”

मी दारात जाऊन बघितलं. ती उठून बसली होती. एका हातात पाण्याचा पेला होता, दुसऱ्या हातात गोळी.